फिजिओथेरपी विभागातला ताण: सुरुवात अपॉइंटमेंटच्या वहीपासून

८ सप्टेंबरला, जागतिक फिजिओथेरपी दिनी, बऱ्याच विभागांत केक कापला जातो, एखादं प्राणायामाचं सत्रही होतं. त्याच दिवशीची अपॉइंटमेंटची वही उघडून पाहा. सकाळी सलग तीन स्ट्रोकचे पेशंट, मध्ये एक नवा पेशंट कोंबलेला, जेवणाच्या वेळेवर पेन्सिलीने लिहिलेलं कुणाचं तरी नाव. दिवसभर तसं काम केलेल्या माणसाला संध्याकाळी दीर्घ श्वास घ्यायला सांगणं म्हणजे जखमेवर पट्टी न बांधता फुंकर घालत बसणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही. कामाच्या जागचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी गोष्ट, अशी ती आहे. म्हणून दुरुस्तीही कामाच्या जागी, वहीत आणि प्लिंथवर (पेशंटला झोपवून उपचार करायच्या टेबलावर) करायची.

पुढचं सगळं तीन ते आठ फिजिओ असलेलं क्लिनिक किंवा मध्यम रुग्णालयाचा विभाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. विभागप्रमुख किंवा क्लिनिकचा मालक हे वाचत असेल असं धरलं आहे, कारण वही त्याच्या हातात असते.

आधी मोजा

‘सगळे ठीक आहेत ना?’ असं मीटिंगमध्ये विचारलं की सगळे ठीकच असतात. त्याऐवजी कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी वापरा. यात १९ प्रश्न आणि तीन भाग आहेत: स्वतःच्या थकव्याचे ६, कामामुळे येणाऱ्या थकव्याचे ७ आणि पेशंटमुळे येणाऱ्या थकव्याचे ६. प्रत्येक उत्तराला १००, ७५, ५०, २५ किंवा ० गुण असतात आणि प्रत्येक भागाची सरासरी वेगळी काढायची असते. एक प्रश्न उलटा मोजायचा असतो, तो हमखास विसरला जातो: घरच्यांसाठी, मित्रांसाठी पुरेशी ताकद उरते का, हा. त्याला ‘नेहमी’ असं उत्तर आलं तर गुण ०.

खरी माहिती तिन्ही भागांची तुलना केल्यावर मिळते. कामाचा भाग ५० च्या वर आणि पेशंटचा भाग खाली असेल तर लोकांना पेशंट आवडतात, पण वेळापत्रक, पगार किंवा वरिष्ठ नकोसे झालेत. पेशंटचा भाग वर गेला असेल तर केसची वाटणी पाहा. बहुधा एकाच माणसाकडे सगळे जुनाट दुखण्याचे किंवा सगळे न्यूरोचे (मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांचे) पेशंट साचलेले असतात.

चार जणांच्या टीममध्ये ‘नाव लिहू नका’ म्हणून काही गुप्त राहत नाही, अक्षर सगळ्यांना ओळखू येतं. फक्त खुणा करायचा छापील कागद द्या, गुणांची बेरीज विभागाबाहेरच्या माणसाकडून करून घ्या आणि प्रमुखाला फक्त गटाची सरासरी कळू द्या. दर तीन-चार महिन्यांनी एकदा पुरे. दर महिन्याला विचारलं आणि काहीच बदललं नाही, तर तिसऱ्या खेपेला लोक डोळे मिटून खुणा करतात.

याच कागदाच्या मागे शरीराचं चित्र छापा. स्नायू-सांध्यांच्या दुखण्याच्या नॉर्डिक प्रश्नावलीत मान, खांदे, कोपर, मनगट-हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, मांड्या-नितंब, गुडघे आणि घोटा-पाऊल असे नऊ भाग आहेत. गेल्या १२ महिन्यांत आणि गेल्या ७ दिवसांत कुठे दुखलं ते विचारायचं. त्यात अंगठ्याचं वेगळं खातं स्वतः वाढवा. फिजिओचं दुखणं कंबर, मान आणि अंगठ्याच्या मुळाशी जमतं, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कमरेवर उपचार करणारा माणूस स्वतःची कंबर मात्र लपवतो. इंटर्न तर नक्कीच लपवतात.

माणसं मोजू नका, भार मोजा

‘प्रत्येकाला १४ पेशंट, म्हणजे समान वाटणी’ या हिशेबातून सगळ्यात जास्त कुरबुरी निघतात. पेशंटला भाराचा आकडा द्या. सुरुवातीला हे आकडे चालतील:

- फक्त मशीन किंवा शेक, देखरेखीसह: ०.५
- चालू उपचारातला साधा केस, व्यायाम आणि थोडं हातकाम: १
- हाताने जोर लावावा लागणारा केस, उदाहरणार्थ घट्ट फ्रोजन शोल्डर किंवा गुडघा बदलल्यानंतरचा वाकत नसलेला गुडघा: १.५
- नवी तपासणी: १.५
- ट्रान्सफर (बेडवरून खुर्चीत वगैरे हलवणं) लागणारा स्ट्रोक, पॅराप्लेजिया (दोन्ही पाय लुळे), सेरेब्रल पाल्सीचं मूल: २

आता वाटणी पाहा. एकीकडे २ नवे, ३ स्ट्रोक, ४ हातकामाचे, ३ साधे, २ मशीनचे, म्हणजे १४ पेशंट आणि भार १९. शेजारच्या प्लिंथवर १ नवा, ७ साधे, ६ मशीनचे, म्हणजे पुन्हा १४ पेशंट, पण भार ११.५. पहिली व्यक्ती ‘हल्ली फार चिडचिड करते’ अशी तक्रार रिसेप्शनवरून येते आणि तिचा स्वभाव बदलला असं ठरवलं जातं.

दिवसाची मर्यादा १४ ते १५ भारावर ठेवून दोन आठवडे चालवून पाहा. दोन आठवड्यांनी टीमलाच विचारून आकडे बदला, कारण तुमच्याकडचा ‘साधा’ केस दुसरीकडे साधा नसतो. आणखी दोन नियम: २ भाराचे दोनपेक्षा जास्त केस सलग नकोत, आणि दिवसातला सगळ्यात जड केस शेवटच्या स्लॉटला नको. थकलेल्या माणसाकडून पेशंट घसरण्याची शक्यता तिथेच जास्त.

पगार ‘दर केसमागे इतके’ असा असेल तर इन्सेंटिव्हही भारावर मोजा. डोकी मोजून पैसे दिले की हुशार मंडळी मशीनचे पेशंट उचलतात आणि स्ट्रोकच्या आजोबांना सगळ्यात नव्या मुलीकडे पाठवतात. यात कुणी वाईट नसतं, हिशेबच तसा मांडलेला असतो.

स्लॉट आणि हरवलेली मिनिटं

३० मिनिटांच्या स्लॉटमध्ये चादर बदलणं, पट्ट्या सोडणं, आजींना चप्पल घालून देणं, नोट्स लिहिणं आणि ‘डॉक्टर, एक विचारायचं होतं’ यात ८ मिनिटं सहज जातात. उरतात २२. ती ८ मिनिटं वहीत कुठेच नसतात, म्हणून आठ पेशंटनंतर ६४ मिनिटांचं कर्ज होतं. ते जेवणाच्या सुट्टीतून किंवा रात्री घरी जाऊन नोट्स लिहून फेडलं जातं.

दोन उपाय आहेत. एक म्हणजे स्लॉट ४० मिनिटांचा करणं. बहुतेक मालकांना तो परवडत नाही. दुसरा, दर चौथा स्लॉट रिकामा ठेवणं. त्यावर वहीत रंगीत पट्टी मारून ‘नोट्स’ लिहा. हा स्लॉट सोडायचा अधिकार फक्त त्या फिजिओला, रिसेप्शनला नाही आणि मालकालाही नाही. योजना कोसळते ती हमखास याच ठिकाणी: ओळखीचा पेशंट येतो, मालक म्हणतो, ‘एवढा एक घे ना.’ घ्यावा लागलाच तर त्याच दिवशी दुसरा स्लॉट रिकामा करून परतफेड करा. उद्या करू म्हटलेली परतफेड होत नाही.

एका वेळी दोन पेशंट, म्हणजे एक आयएफटीवर (दुखण्यासाठी विजेचा सौम्य प्रवाह देणाऱ्या मशीनवर) आणि एक हाताखाली, हे चालतं. तिसरा आला की तपासणी चुकायला लागते. हॉट पॅक ठेवल्यावर पाचेक मिनिटांनी त्वचा बघायला हवी, आणि मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या पेशंटला भाजतंय हे कळतच नाही. हायड्रोकोलेटरमधलं (हॉट पॅक तापवायच्या टाकीतलं) पाणी ७० ते ७५ अंश सेल्सिअसला असतं, टॉवेलचा एक थर कमी पडला तरी फोड येतो. मग तक्रार, नातेवाइकांची आरडाओरड, आणि त्या फिजिओची पुढचे कित्येक महिने प्रत्येक पॅक ठेवताना धडधड. प्रत्येक प्लिंथला स्वतंत्र टायमर लावा, स्वयंपाकघरात वापरतात तसला साधा चालतो. मोबाइलचा गजर नको, तो फोन आल्यावर हरवतो.

नोट्ससाठी चार ओळींचा साचा छापून घ्या: आज पेशंट काय म्हणाला, काय मोजलं, काय केलं, पुढच्या वेळी काय. मोजमापाची जागा रिकामी सोडायची नाही असा नियम करा. ‘पूर्ववत उपचार’ असं सलग दहा दिवस लिहिलेली फाइल पेशंटच्या उपयोगाची नाही आणि वाद झाला तर फिजिओच्याही नाही.

प्लिंथ, अंगठा, कंबर

प्लिंथशेजारी सरळ उभं राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. मुठीची पेरं गादीला टेकली तर हातकामासाठी उंची साधारण बरोबर. अंगाचा भार देऊन मोबिलायझेशन (हाताने सांधा हलवून मोकळा करणं) करायचं तर जरा खाली, मानेचं बारीक काम असेल तर वर किंवा सरळ स्टुलावर बसून. आपल्याकडचे बरेच प्लिंथ सुताराकडून करून घेतलेले, एकाच उंचीचे असतात; त्यावर पाच फुटांची मुलगी आणि सहा फुटांचा मुलगा दोघेही राबतात. बुटक्या व्यक्तीसाठी चार ते सहा इंच उंच आणि दोन्ही पावलं आरामात मावतील एवढा लांबरुंद लाकडी पाट करून घ्या. छोटं पायरी-स्टूल नको, त्यावरून पाय निसटतो. उंच व्यक्तीने चाकाच्या स्टुलावर बसून किंवा एक गुडघा प्लिंथवर टेकून काम करावं. विटा लावून प्लिंथ उंच करण्याचा उद्योग मात्र नको. पैसे असतील तर एकच उंची बदलणारा प्लिंथ घ्या आणि १.५ व २ भाराचे केस त्यावर फिरते ठेवा. तो ‘सरांचा प्लिंथ’ झाला तर पैसे वाया.

अंगठ्याचं गणित सोपं आहे. दाबताना नखाजवळचा सांधा मागे वाकलेला दिसला की थांबा: जोर आता स्नायूंवरून सरकून सांध्यावर गेला आहे. एका अंगठ्यावर दुसरा ठेवा, किंवा तळहाताची करंगळीकडची कड, मुठीची पेरं, कोपर वापरा. सलग दोन केसमध्ये अंगठ्याचं तंत्र नको, मध्ये व्यायामाचा केस घाला. कुलपात किल्ली फिरवताना किंवा बरणीचं झाकण उघडताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर दोन आठवडे अंगठ्याचं काम पूर्ण बंद आणि सहकाऱ्याकडून रीतसर तपासणी, फाइल काढून. चहा पिता पिता ‘बघ रे जरा’ अशी तपासणी धरू नका.

पेशंट उचलण्याबाबत अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या मार्गदर्शनातला आकडा लक्षात ठेवा: अनुकूल स्थितीतही हाताने उचलायची मर्यादा १६ किलोच्या आसपास. ७० किलोच्या माणसाचा एक पायच ११-१२ किलोंचा असतो. म्हणजे बेडवरून खुर्चीत ‘जरासं उचलून’ ठेवणं मर्यादेच्या कितीतरी पलीकडचं आहे. ट्रान्सफरचा क्रम भिंतीवर लावा: व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या बाजूला, दोन्ही ब्रेक, पायपट्ट्या बाजूला, पेशंटची पावलं जमिनीवर टेकलेली आणि गुडघ्यांच्या किंचित मागे, कमरेला गेट बेल्ट (पेशंटला धरायचा पट्टा), पेशंट पुढे झुकलेला, आणि मग मोजणी. ‘तीनला उठायचं’ की ‘तीननंतर उठायचं’ हे आधी ठरवा. बरेच हिसके एवढ्याशा गोंधळातून बसतात. मोजणी एकाच माणसाने करायची. वॉर्डातल्या मावशी आणि मामांना हाच क्रम शिकवा, कारण प्रत्यक्षात दुसरा हात त्यांचाच असतो आणि त्यांच्या कमरेबद्दल कुणी विचारत नाही. नातेवाईक काखेत हात घालून ओढतात, त्याने लुळ्या बाजूचा खांदा निखळतो. त्यांना बेल्ट धरायला द्या किंवा व्हीलचेअर धरून उभं करा. रिकामा हात ओढणारच.

शॉर्टवेव्ह डायथर्मी (एसडब्ल्यूडी, खोलवर शेक देणारं मशीन) सुरू करून ऑपरेटरने किमान एक-दोन मीटर लांब जायचं. गरोदर कर्मचाऱ्याला त्या मशीनची ड्यूटीच लावू नका. तिने गरोदरपण लवकर सांगावं असं वाटत असेल, तर सांगितल्यावर पगार कापला जात नाही हे आधी दिसायला हवं.

‘कधी चालतील?’

स्ट्रोकच्या पेशंटचा मुलगा, सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची आई रोज हा प्रश्न विचारतात, आणि रोज त्याचं उत्तर टाळत राहणं हे शारीरिक कामापेक्षा जास्त दमवतं. उत्तराची पद्धत सगळ्या टीमने एक ठेवावी. तारीख द्यायची नाही, आशा मोडायची नाही, पुढचं मोजमाप सांगायचं: ‘दादा, आज बाबा आधाराशिवाय दहा सेकंद बसले. दोन आठवड्यांनी आपण हेच परत मोजू आणि मग पुढचं बोलू.’ वाक्य पहिल्याच दिवशी, मोजमाप फाइलवर दाखवून म्हणायचं. एका फिजिओने ‘महिन्यात चालतील’ म्हटलं आणि दुसरीने ‘सांगता येत नाही’ म्हटलं, तर नातेवाईक गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवतात आणि महिन्याने खरं बोलणारीवर चिडतात.

जुनाट दुखण्याचे पेशंट वेगळ्या तऱ्हेने दमवतात. ते तासभर मन मोकळं करतात आणि ‘बरं नाही वाटत’ म्हणून जातात. अशा पेशंटला दर सहा भेटींनंतर फेरतपासणी ठेवा आणि तेव्हा शक्यतो दुसऱ्या फिजिओने तपासावं. नवे डोळे मिळतात आणि पहिल्याला सुट्टी.

मानाचा प्रश्नही ताणाच्याच खात्यात धरा. ‘मालिशवाले आले का?’ हे वाक्य, किंवा ‘आयएफटी + एसडब्ल्यूडी × १० दिवस’ एवढंच लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. फिजिओंनी नावापुढे ‘डॉ.’ लावू नये, असं सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत विभागाविभागांत काय बोललं गेलं ते आठवा. चिठ्ठीला रागाने उत्तर न देता तीन ओळींची परतचिठ्ठी पाठवायची सवय लावा: तपासणीत काय आढळलं, म्हणून कोणता उपचार बदलला, कधी पुन्हा कळवणार. दोन-तीन महिने सातत्याने गेली की बहुतेक ऑर्थोपेडिक सर्जन ‘मूल्यमापन करून उपचार’ असं लिहायला लागतात. जे लागत नाहीत त्यांच्याशी बोलायचं काम प्रमुखाचं, इंटर्नचं नाही.

पेशंट पडला, आयसीयूतला रोजचा पेशंट गेला, नातेवाईक अंगावर आला, तर त्याच दिवशी दहा मिनिटं बसा. काय झालं, कुणाला काय लागलं, आज उरलेले केस कोण घेणार, एवढेच तीन प्रश्न. चूक कुणाची, ही चर्चा त्या दिवशी नको. हल्ला झाला असेल तर महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तक्रार संस्थेने द्यावी, एकट्या फिजिओला पोलीस ठाण्यात पाठवू नये.

घरी जाऊन उपचार

होम व्हिजिटमध्ये वेळ रस्त्यावर आणि कंबर दिवाणावर जाते. एका दिवशी एकाच भागातल्या व्हिजिट बांधा: सकाळी कोथरूड, दुपारी हडपसर आणि संध्याकाळी पुन्हा कोथरूड असं वेळापत्रक म्हणजे दोन पेशंटच्या पैशांत चार पेशंटचा थकवा. प्रवासाचा वेळ भारात मोजा, दर अर्ध्या तासाला ०.५.

गादी जमिनीवर किंवा पलंग बुटका असेल तर पहिल्याच व्हिजिटला घरच्यांना पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावायला किंवा भाड्याचा हॉस्पिटल बेड आणायला सांगा. तोवर पेशंटला गादीच्या कडेला आणून, एक गुडघा गादीवर टेकून काम करा. वाकून उभं राहून नको.

नव्या पत्त्यावर पहिली व्हिजिट शक्यतो घरात दुसरं कुणी असेल अशा वेळी. पोहोचल्यावर आणि निघाल्यावर क्लिनिकच्या ग्रुपवर संदेश, लोकेशन चालू. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत संदेश नाही आला तर रिसेप्शनने फोन करायचाच. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामासाठी भेट दिलेली जागा आणि राहतं घरसुद्धा ‘कामाची जागा’ ठरतं, त्यामुळे पेशंटच्या घरी घडलेल्या प्रकाराचीही तक्रार करता येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत घटनेपासून तीन महिने. आणि ज्या पेशंटकडे मुलींना नको वाटतं तो पेशंट सोडायची तयारी ठेवा. त्याची फी पाहून ‘तू सांभाळून घे’ म्हणालात, तर वरची सगळी भाराची कोष्टकं फाडून टाकली तरी चालतील.

वहीने सुटणार नाही ते

वेळापत्रक सुधारूनही एखाद्याची दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, पेशंटविषयी काहीच वाटेनासं झालं असेल, कारण नसताना रडू येत असेल, तर तो प्रश्न सहकाऱ्याच्या सल्ल्याचा उरत नाही. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर २४ तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नंबर रिसेप्शनवर नको. स्टाफ रूमच्या दारामागे लावा, तिथे तो कुणी बघताना दिसत नाही. जगणं नकोसं झाल्याची भाषा ऐकू आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा.

रजेचंही ठरवून टाका. रजेवर जाणाऱ्याने आदल्या दिवशी प्रत्येक पेशंटची एक ओळ लिहायची: कुठपर्यंत आलोय, काय करायचं नाही. बदली फिजिओला त्या आठवड्यात नवे पेशंट कमी द्यायचे. पेशंट ‘आमचे मॅडमच हवेत’ म्हणाले तर रिसेप्शनने तारीख पुढे ढकलायची, मॅडमना फोन लावायचा नाही. आणि त्यांचा व्हॉट्सअॅप नंबर पेशंटकडे आधीच गेलेला असेल तर क्लिनिकचा वेगळा नंबर काढून तो फाइलवर छापा, रजा संपायच्या आत.